ओल्या रानाचें पुस्तक

वेदगंगेच्या कांठीं वसलेल्या मुरगुडासारख्या गांवीं अरण्यविषयक पुस्तकें वाचणारीं घरें वाटतात त्याहून अधिक आहेत. व्यंकटेश माडगूळकरांचें 'नागझिरा' (१९७९) आमच्या घरीं तीन पिढ्यांच्या हातून गेलें, आणि आतां त्याची शिवण उसवली आहे. गेल्या चैत्रांत आम्ही सहकुटुंब दाजीपुरास दोन रात्रीं राहावयास गेलों तेव्हां हेंच पुस्तक पिशवींत होतें. परतलों ते एक तक्रार घेऊन. ती रानाविषयीं नाहीं, आमच्या वाचनाविषयीं आहे. आणि थोडीशी मराठी अरण्यलेखनाविषयींहि आहे.

'नागझिऱ्या'ची थोरवी वादाचा विषय नव्हे. तरुणपणीं बंदूक घेऊन हिंडलेला हा लेखक येथें रानाचा पाहुणा होऊन राहतो, चित्रकाराच्या डोळ्यानें पाहतो आणि पाहिलें तेवढेंच सांगतो. परंतु त्याच्या या पाहण्यास त्या रानाचें केवढें साह्य आहे, याचा विचार आम्हीं पूर्वीं कधीं केला नव्हता. नागझिरा हें पूर्व विदर्भांतील पानगळीचें रान. उन्हाळ्यांत तेथें झाडें उघडीं पडतात, ओढे आटतात, आणि जनावरें तळ्याकडे व मोजक्या पाणवठ्यांकडे ओढलीं जातात. पाण्यापाशीं स्थिर बसणाऱ्यापुढें रान आपण होऊन चालत येतें. माडगूळकरांचीं तीं आंखूड, स्वच्छ वाक्यें या मोकळ्या दृष्टीचींच अपत्यें आहेत.

दाजीपूर याच्या अगदीं उलट. गव्यांसाठीं १९५८ सालीं राखलेलें हें अरण्य १९८५ मध्यें वाढवून राधानगरी अभयारण्य म्हणून सुमारें ३५१ चौरस किलोमीटरांचें करण्यांत आलें. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसानें पोसलेलें हें रान. अंजनी-जांभळीची गर्दी अशी कीं भर दुपारीं दिवेलागणीचा भास व्हावा. घळींतून चैत्रांतहि ओल टिकते. मग जनावरानें आपल्यासमोर येऊन पाणी पिण्याची तसदी कां घ्यावी? दोन दिवसांत आम्हांस शेंड्यावरून उडी घेणाऱ्या शेकरूची शेपटी दिसली, आणि दुसऱ्या संध्याकाळीं जलाशयाच्या कडेला चार गवे दिसले, ते सुद्धां दूरवर. हा जलाशय शाहू महाराजांनीं आरंभिलेल्या राधानगरीच्या धरणाचा. म्हणजे या रानांत जें मोकळेपणानें पाहतां आलें, तें माणसानें बांधलेल्या भिंतीच्या कृपेनें!

आमच्या दहा वर्षांच्या नातीनें वहींत 'पाहिलें' असें शीर्षक घालून ओळी आंखल्या होत्या. पहिल्या दिवशीं त्या कोऱ्याच राहिल्या; तेव्हां तिनें रुसून शेजारीं 'ऐकलें' असें लिहिलें, आणि रात्रीं पाहतों तों तें पान भरलें होतें. भेकराचें भुंकणें, धनेशाचें खिदळणें, कारवींतून कांहीं तरी जड मोडत गेल्याचा आवाज. तो आवाज झाला तेव्हां आमचा वाटाड्या थबकून म्हणाला, "सायेब, वास घ्या. आत्ताच गेलाय." आम्हांस ओल्या पाल्याखेरीज कसलाच वास आला नाहीं.

जगांतील मोठ्या वर्षावनांचा अनुभवहि निराळा नाहीं. हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८४८ पासून अकरा वर्षें ॲमेझॉनच्या कांठीं राहिला. मोठीं जनावरें रानांत भेटत नाहींत, अशी निराशा त्यानें आरंभींच नमूद केली आहे. पण तो तेथून हलला नाहीं. त्यानें नजर किड्यांकडे व फुलपांखरांकडे वळविली, आणि सुमारें १४ हजार जाती गोळा केल्या. त्यांतील ८ हजारांवर शास्त्रास नव्या होत्या. आज पेरूंतील नदीकांठच्या लाकडी निवासांत चार दिवस राहून आलेले आपले मराठी प्रवासीहि लेख लिहितात. पहांटे होडींतून जाऊन मातीच्या कड्यावर जमलेले मकाव पोपट पाहावयाचे, हा त्या लेखांतील ठरलेला प्रसंग. तो सुंदर असतो, कारण तेवढ्या एका जागीं रान उघडें होतें. उरलेला सारा दिवस मात्र 'घनदाट', 'गूढ' असल्या दोन-चार विशेषणांवर निभावला जातो, आणि शेवटीं येते दिसलेल्या पक्ष्यांची यादी. पाणवठ्याचें गद्य ओल्या रानांत नेलें कीं असें होतें.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं रानांतल्या माणसांचे शब्द आयुष्यभर वेंचले, हें मराठीवरील मोठें ऋण. पण त्यांच्या लेखनाची मुख्य भूमि नवेगांव-मेळघाटाची. सह्याद्रीच्या ओल्या रानास स्वतःचें असें पुस्तक हवें आहे, आणि तें पाहुण्याच्या हातून होईल असें आम्हांस वाटत नाहीं. पावसाळ्यांत अभयारण्य पाहुण्यांस बंद असतें. म्हणजे जें या रानाचें खरें रूप, तेंच आम्हांपैकीं कोणी पाहिलेलें नाहीं. आसपासच्या वाड्यांतील माणसें तें पाहतात. गवा त्यांच्या लेखीं दर्शनाचा विषय नाहीं, रात्रींत उभें पीक खाऊन जाणारा शेजारी आहे. त्याचा वास त्यांस कळतो तो या गरजेनेंच. तें ज्ञान सध्यां पाहुण्यांस वाट दाखविण्याच्या रोजंदारींत खर्चीं पडत आहे.

त्या डोंगरांकडून येणारी दूधगंगा पुढें आमच्या वेदगंगेस पोटांत घेते. तेव्हां हें मागणें अगदींच परक्याचें नव्हे. तो लेखक आज एखाद्या वाडीवरच्या शाळेंत जात असेल, तर त्यास कोणीं तरी 'नागझिरा' वाचावयास द्यावें. आमची प्रत उसवलेली आहे, पण पानें सगळीं आहेत.