रस्ता झाडणाऱ्यांचा रस्ता : सुधारक ओलवे यांच्या छायाचित्रांविषयी

मराठीत नाटक, चित्रपट आणि चित्रकला यांच्यावर गंभीरपणे लिहिण्याची परंपरा आहे. छायाचित्राच्या वाट्याला हे भाग्य क्वचित आले. छायाचित्रकाराला पुरस्कार मिळाला की सत्काराची बातमी येते, प्रदर्शन भरले की परिचयाचा मजकूर छापून येतो आणि तिथेच विषय संपतो. छायाचित्रात काय दिसते, ते कुठून पाहिले आहे, चौकटीत कोणाला घेतले आणि कोणाला वगळले, हे प्रश्न कवितेला आपण विचारतो, पण छायाचित्राला विचारत नाही. रस्त्यावरच्या छायाचित्राच्या बाबतीत तर ही उणीव फारच जाणवते. कारण रस्ता ही सर्वांची जागा आहे असे आपण गृहीत धरतो, आणि त्यामुळे त्याच्या छायाचित्रात काही वादग्रस्त असेल असे आपल्याला वाटत नाही.

अकोल्यात १९६६ साली जन्मलेले आणि १९८८ पासून मुंबईत वृत्तपत्र-छायाचित्रकार म्हणून काम केलेले सुधारक ओलवे यांची छायाचित्रे हे गृहीतक मोडतात. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. त्यांच्या मुंबईतल्या सफाई कामगारांवरील मालिकेमुळे रस्त्यावरच्या छायाचित्राची व्याख्या कशी बदलावी लागते, आणि त्यांच्या जन्मजिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या रस्त्यांकडे पाहताना तिचा काय उपयोग होतो, याचा हा विचार.

मागे चिकटवलेला रस्ता

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जाहीर झाला आणि थोड्याच काळात हे तंत्र मुंबईत पोहोचले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे भारतीयही होते. याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली, पहिला १८६३ मध्ये आणि दुसरा १८६६ मध्ये. या पुस्तकातली गोम अशी की त्यातली माणसे आणि त्यांच्या मागचा परिसर ही पुष्कळदा दोन वेगवेगळी छायाचित्रे आहेत. माणसांना एका जागी उभे करून टिपले, मुंबईची दृश्ये निराळी घेतली आणि नंतर दोन्ही एकत्र जोडली.

याला तांत्रिक कारण होते. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत चालता माणूस टिपणे कठीणच होते, कारण प्रकाश आत घ्यायला काही सेकंद लागत आणि हललेला माणूस धुरासारखा पुसट होई. पण तंत्राची ही अडचण एका नजरेला सोयीची ठरली. माणूस हा नमुना आणि रस्ता हा त्याच्या मागचा पडदा, अशी ती नजर होती. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने आठ खंडांत काढलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथातही वर्गीकरणाची हीच हौस आहे. भंगी, भिस्ती, हमाल हे त्यांच्या कामासकट ओळखले जात. पण प्रत्यक्ष काम करताना ते फारसे दिसत नाहीत. झाडू हातात असतो, रस्ता झाडला जात नसतो.

क्षणाचा शोध

पुढे कॅमेरा हातात मावू लागला आणि रस्त्यावरच्या छायाचित्राचा खरा काळ सुरू झाला. युझेन अत्झे पॅरिसमध्ये जड कॅमेरा घेऊनच हिंडला. पण फेरीवाले, छोटे धंदेवाईक आणि शहराच्या वेशीबाहेर राहणारे कचरावेचक यांना त्याने त्यांच्या जागी जाऊन टिपले. त्यानंतरच्या पिढीतल्या आंरी कार्तिए-ब्रेसाँने १९५२ च्या आपल्या पुस्तकातून ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभर रुजवली. रस्त्यावर सगळे सतत हलत असते; रेषा, सावल्या, हावभाव हे एका क्षणी जुळून येतात आणि छायाचित्रकाराने तो क्षण पकडायचा. भारतात रघुबीर सिंग यांनी रंगीत फिल्मवर हे काम आपल्या पद्धतीने केले. १९९४ च्या त्यांच्या मुंबईवरील पुस्तकात काच, आरसे, दुकानांच्या पाट्या आणि गर्दी एकमेकांत अशी मिसळतात की शहराची दाटी डोळ्यांना जाणवते.

या परंपरेचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण तिच्या मुळाशी एक भूमिका आहे, ती लक्षात घ्यायला हवी. या परंपरेतला छायाचित्रकार बहुधा भटक्या असतो. त्याला कुठे पोहोचायचे नसते. रस्ता त्याच्यासाठी रंगमंच असतो आणि तो स्वतः प्रेक्षक. समोरचा माणूस रस्त्यावर का आहे, किती तासांपासून आहे आणि घरी कधी जाणार आहे, हे त्या एका क्षणात मावत नाही, आणि मावावे अशी अपेक्षाही नसते.

कामाची जागा म्हणून रस्ता

ओलवे वृत्तपत्रातून आले. वृत्तपत्र-छायाचित्रकाराचा दिवसही रस्त्यावरच जातो, पण तो भटक्या नसतो. त्याला ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी पोहोचायचे असते आणि संध्याकाळी छायाचित्र कार्यालयात द्यायचे असते. या शिस्तीत राहूनच त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरचे दीर्घ काम केले. ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ या नावाने ते ओळखले जाते. छायाचित्रे कृष्णधवल आहेत. मॅनहोलमध्ये उतरलेली माणसे, कचऱ्याच्या ढिगात उभे असलेले कामगार, कचरा वाहणाऱ्या ट्रकवर बसून जाणारी टोळी, आणि या सगळ्यांची घरे व कुटुंबे, असा तिचा पसारा आहे. हे कामगार दलित समाजातले आहेत आणि ओलवे त्यांच्याकडे परका म्हणून पाहत नाहीत. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या या कामाचा उल्लेख सगळीकडे झाला.

या मालिकेत रस्ता वर-खाली असा दुभंगलेला दिसतो. वर वाहने, पादचारी, दुकाने असतात, खाली गटार. दोहोंच्या मधल्या भोकातून एक माणूस अर्धा बाहेर आलेला असतो. रस्त्याचे नेहमीचे छायाचित्र आडवे वाचायचे असते, म्हणजे कोण कुठून कुठे जात आहे असे. ओलवे यांचे छायाचित्र उभे वाचावे लागते : कोण वर आहे, कोण खाली. जातिव्यवस्थेचे वर्णन करताना आपण उतरंड हा शब्द वापरतो. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. ती इथे रूपक म्हणून येत नाही. डांबर, लोखंडी झाकण आणि त्याखालचे पाणी अशा थरांच्या रूपाने चौकटीत प्रत्यक्षच उभी असते.

दुसरी गोष्ट वेळेची. मॅनहोलमधल्या माणसाच्या छायाचित्रात निर्णायक क्षण शोधू गेलो तर तो सापडत नाही. कारण तो माणूस काल तिथे होता आणि उद्याही असणार आहे. ओलवे यांची छायाचित्रे एकेकटी पाहिली तर बातमीसारखी वाटतात. सलग पाहिली की लक्षात येते, की पाळी सुरू होण्यापासून घरी परतण्यापर्यंतचा दिवस त्यांच्यात भरला आहे. रस्त्यावर भेटलेल्या माणसाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत जाणे हे रस्त्यावरच्या छायाचित्रणाच्या रूढ नियमात बसत नाही. त्यांनी तो नियम मोडला आणि तिथेच या कामाला वजन आले.

कोलटकरांची खिडकी

साहित्याच्या वाचकाला इथे अरुण कोलटकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. २००४ मध्ये आलेल्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहात वेसाइड इन या उपाहारगृहाच्या खिडकीतून दिसणारा चौक आहे. त्यात एक सफाई कामगार स्त्री कचऱ्याच्या गाडीत चढून पायांनी कचरा दाबते, आणि कवीला तिच्यात मीरेचे नृत्य दिसते. कचऱ्यातून नृत्य उभे करणारी ही दृष्टी थोर आहे. तिने त्या बाईला साहित्यात कायमची जागा दिली.

तरी दोन नजरांतले अंतर सांगायला हवे. कोलटकर खिडकीत आहेत, आणि खिडकीचे अंतर त्यांना तालाकडे, लयीकडे नेते. ओलवे गाडीच्या जवळ आहेत. तिथे लय कमी आणि पायाला लागणारी काच जास्त. एकाने त्या कामगाराला उचलून वर ठेवले आणि दुसरा त्याच्या उंचीवर जाऊन उभा राहिला. दोन्ही कृती आदराच्याच आहेत. पण कचऱ्यात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला चपला कोणी द्यायच्या, हा प्रश्न फक्त दुसऱ्या नजरेतून निघतो.

दाखवावे की दाखवू नये

या छायाचित्रांवर एक आक्षेप घेतला जाऊ शकतो आणि तो हलका नाही. घाणीत बुडालेल्या माणसाचे छायाचित्र प्रदर्शनाच्या स्वच्छ भिंतीवर लावले की त्याची पुन्हा एकदा विटंबना होत नाही का? पाहणारे हळहळतात, चहा घेतात आणि घरी जातात. शिवाय जे छायाचित्र अधिक धक्कादायक, तेच पुन्हा पुन्हा छापले जाते. मॅनहोलचे छायाचित्र मालिकेचा चेहरा बनते आणि घरातली, कुटुंबातली शांत छायाचित्रे मागे पडतात. कामगार त्याच्या कामापुरताच उरतो, म्हणजे १८६३ च्या जॉन्सनच्या पुस्तकातल्यासारखा. हा धोका खरा आहे, आणि तो टाळण्याची जबाबदारी छायाचित्रकारापेक्षा संपादकांवर आणि आपल्यावर अधिक आहे.

पण न दाखवण्याची किंमतही पाहावी. हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. म्हणजे तीस वर्षे कायदा आहे आणि मृत्यूही आहेत. हे चालते, कारण हे काम नागरिकांच्या नजरेआड होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात एका सफाई कामगाराच्या मृत्यूवरून शाहिरावर खटला भरतात. मेलेला माणूस गटारात उतरण्यापूर्वी खडा टाकून झुरळे बाहेर येतात का पाही, वास सहन व्हावा म्हणून दारू पिई, हे त्याची विधवा सांगते तेव्हा न्यायालयातल्या कोणालाच त्याचे चित्र डोळ्यांपुढे आणता येत नाही. ओलवे यांची छायाचित्रे ती जागा भरतात. त्यांचे पुराव्याचे मूल्य कलामूल्यापासून वेगळे काढता येत नाही, आणि तसे काढण्याची गरजही नाही.

हिवरखेडचा रस्ता

आता वऱ्हाडाकडे येऊ. सातपुड्याच्या पायथ्याचे हिवरखेड हे तेल्हारा तालुक्यातले मोठे गाव, अलीकडे ग्रामपंचायतीतून नगरपरिषद झालेले. अकोट-तेल्हारा हा कापसाचा, संत्र्याचा आणि पानपिंपरीचा पट्टा. अकोला-खांडवा मीटरगेज रेल्वे इकडून जाई. तिच्या धूळघाटातल्या वळणाची छायाचित्रे रेल्वेप्रेमींनी भरपूर काढून ठेवली आहेत. मात्र त्या गाडीत चढणाऱ्या-उतरणाऱ्या कोरकू आणि शेतमजूर माणसांची छायाचित्रे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

आपल्या गावांचा दृश्य इतिहास जिथे आहे, तिथेही तो स्टुडिओतला आहे. ताजमहालाच्या किंवा बागेच्या रंगवलेल्या पडद्यापुढे उभे केलेले जोडपे, खुर्चीवर बसवलेले आजोबा, मॅट्रिक पास झालेला मुलगा. रस्ता दिसतो तो लग्नाच्या वरातीमागे किंवा पुढाऱ्याच्या मिरवणुकीत, म्हणजे पुन्हा पडदा म्हणूनच. आठवडी बाजारात पहाटे ओटे झाडणारी बाई, जिनिंगच्या आवारात कापसाची गाडी रिकामी करणारे हमाल, पानमळ्यात शिडीवर चढलेला माणूस, नाल्यात उतरलेला नगरपरिषदेचा कामगार हे कोणाच्याच अल्बममध्ये नाहीत, कारण अल्बम त्यांचा नव्हता.

अमेरिकेत व्हिव्हियन मायर ही मुले सांभाळणारी बाई अनेक वर्षे शिकागोच्या रस्त्यांवर छायाचित्रे काढत राहिली. २००७ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा निगेटिव्हचा साठा उघडकीला आला. तो लाखाहून अधिक निघाला. आपल्या तालुक्यांच्या गावांत पन्नास-साठ वर्षे चाललेल्या फोटो स्टुडिओंच्या माळ्यांवरही निगेटिव्हची खोकी आहेत. दुकान मोबाइलचे झाले की ती भंगारात जातात. गावातले महाविद्यालय, वाचनालय किंवा साहित्य संस्था यांनी ती मिळवून, वाळवीपासून वाचवून, तारखा आणि ठिकाणे जाणत्या माणसांना विचारून नोंदवली, तर वऱ्हाडाच्या सामाजिक इतिहासाला एक नवे साधन मिळेल. हे काम खर्चाचे कमी आणि चिकाटीचे जास्त आहे.

त्याच वेळी आज ज्यांच्या हातात मोबाइल आहे अशा मुलामुलींना ओलवे यांची मालिका सलग दाखवावी, आणि त्यांना स्वतःच्या गावचा एक रस्ता पहाटे चारपासून रात्रीपर्यंत टिपायला सांगावे. देखणे काय आहे ते त्यांना सांगावे लागणार नाही. रस्त्यावर सगळ्यात आधी कोण येते आणि सगळ्यात शेवटी कोण जाते, एवढे त्यांनी नोंदवले आणि त्या माणसांची नावे त्यांना विचारून छायाचित्राखाली लिहिली, तर १८६३ पासून राहिलेली एक उणीव हिवरखेडपुरती तरी भरून निघेल.