विखुरलेली ऊर्जा : बेरजेचा हिशेब आणि काळाचा हिशेब

परिसरातील प्रकाश, तापमानातील भेद, यंत्रांची कंपने व रेडिओ तरंग यांतून ऊर्जा वेचून लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणे चालवावीत, या कल्पनेवर गेल्या दोन दशकांत विपुल लेखन झाले आहे. कल्पनेचे मूळ मात्र जुने आहे. झेबेक यांनी उष्णताविद्युत् परिणाम १८२१ मध्ये नोंदविला. क्यूरी बंधूंनी दाबविद्युत् १८८० मध्ये दाखविली. आणि घटमालेवाचून चालणारे स्फटिक रेडिओ संच केवळ आलेल्या तरंगांच्या ऊर्जेवर बोलत असत. नवा आहे तो एकाच उपकरणात अनेक उगम एकत्र करण्याचा आग्रह. प्रस्तुत टिपणात त्या आग्रहाचीच परीक्षा करावयाची आहे.

अशा निबंधांत बहुधा प्रत्येक उगमाची कमाल शक्ती स्वतंत्रपणे मोजतात आणि त्या आकड्यांची बेरीज मांडतात. ही रीत सदोष आहे. प्रत्येक उगमाचा अंतर्गत संरोध वेगळा असतो. दाबविद्युत् पट्टी उच्च दाबाची प्रत्यावर्ती विद्युत् देते, तर उष्णताविद्युत् घटक काही मिलिव्होल्ट ते दशांश व्होल्ट इतकाच दाब देतो. तो सिलिकॉन द्विप्रस्थाच्या सुमारे ०.६ व्होल्टच्या उंबरठ्यापाशीच अडतो. म्हणून प्रत्येकास निराळे परिवर्तक मंडल लागते आणि ते स्वतःही ऊर्जा खाते. दुर्बल उगम जोडल्याने निव्वळ लाभ ऋण होणे अशक्य नाही.

उगमांच्या निसर्गदत्त मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. त्वचा ३४ अंश व खोली २४ अंश सेल्सियस असता कार्नो मर्यादाच सुमारे ३.३ टक्के येते, आणि या भेदाचाही बराच भाग त्वचा व हवा यांच्या उष्णतारोधात खर्ची पडतो. सीको कंपनीने १९९८ मध्ये शरीराच्या उष्णतेवर चालणारे मनगटी घड्याळ काढले. ते यशस्वी झाले याचे श्रेय उगमाच्या विपुलतेपेक्षा घड्याळाच्या अत्यल्प भुकेला अधिक आहे.

याहून महत्त्वाचा आक्षेप काळासंबंधीचा आहे. कारखान्यातील यंत्रावर कंपन, उष्णता व दिव्याचा प्रकाश असे तीन उगम योजले, तरी यंत्र थांबताच कंपन संपते, उष्णता ओसरते आणि पाळी सुटल्यावर दिवेही मालवतात. कागदावर तीन असलेले उगम वस्तुतः एकच ठरतात. उलटपक्षी पुलावर दिवसा ऊन व रात्री वाहतुकीचे कंपन मिळत असेल, तर दोनच उगम परस्परपूरक होतात. तेव्हा उगमांची संख्या हा निकष नव्हे. त्यांच्या अभावाच्या वेळा एकमेकींवर पडतात की नाही, हा निकष होय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका संवेदकास निद्रावस्थेत ५ मायक्रोवॉट लागतात व प्रत्येक संदेशास ३ मिलिज्यूल. मिनिटास एक संदेश पाठविल्यास सरासरी गरज ५५ मायक्रोवॉट, आणि बारा तासांच्या अंधारासाठी सुमारे २.४ ज्यूल साठा हवा. ३ ते २ व्होल्ट या पट्ट्यात वापरलेले १ फॅरडचे धारित्र २.५ ज्यूल देते. म्हणजे ते जेमतेम पुरते, आणि गळती धरल्यास अपुरे पडते. संदेश दहा मिनिटांनी एक केला, तर गरज १० मायक्रोवॉटवर येते व साठा ०.४३ ज्यूल पुरतो. गरज साडेपाचपटीने कमी करणारा हा उपाय एकही नवा उगम न जोडता साधतो.

या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडून म्हणून तीन गोष्टींची अपेक्षा करणे रास्त ठरेल : परिवर्तकाच्या पुढे, प्रत्यक्ष भाराशी मोजलेली ऊर्जा, किमान संपूर्ण दिवसरात्रीचा काळानुसार आलेख, आणि एकेक उगम काढून घेतल्यावर उपकरण किती वेळ टिकते याची नोंद. ही तिसरी नोंद ज्या निबंधात नाही, त्यात अनेक उगमांची आवश्यकता सिद्ध झाली असे मानता येणार नाही. घटमाला बदलणे दुर्घट असते अशा ठिकाणी बसविलेले उपकरण अंधारात मूक झाले, तर त्याची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही; म्हणून हा काटेकोरपणा अनावश्यक म्हणता येत नाही.