लिंकनच्या मारेकऱ्याची दोन चरित्रे

खुनी मनुष्याचे चरित्र लिहिणाऱ्यावर एक अवघड जबाबदारी येऊन पडते. चरित्रनायकाशी समरस झाल्यावाचून चरित्र सजीव होत नाही. परंतु त्या समरसतेच्या भरात ज्याचा जीव गेला त्याचाच विसर पडला, तर लेखक नकळत खुन्याचा भाट बनतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ याच्यावरील दोन पुस्तके आम्ही या कसोटीवर घासून पाहू इच्छितो.

बूथ हा नटांच्या घराण्यातला. बापाचे नावच ज्युनियस ब्रूटस. 1864 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथे तिघा भावांनी मिळून 'ज्युलियस सीझर' केले. त्यात ब्रूटस झाला एडविन, आणि जॉनच्या वाट्याला अँटनी आला. पुढे पाच महिन्यांनी, 14 एप्रिल 1865 रोजी, फोर्ड नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडून त्याने रंगमंचावर उडी घेतली. पाय मोडलेल्या स्थितीत पाइनच्या रानात लपून असता त्याने वर्तमानपत्रे मागवून वाचली. जयजयकाराऐवजी सर्वत्र धिक्कार पाहून त्याने रोजनिशीत गाऱ्हाणे मांडले, की ज्या कृत्याने ब्रूटस थोर ठरला त्याच कृत्यासाठी आपली शिकार व्हावी! बाराव्या दिवशी व्हर्जिनियातील एका तंबाखूच्या कोठाराला सैनिकांनी आग लावली आणि तेथेच गोळी लागून तो मेला.

त्याची बहीण एशिया बूथ क्लार्क हिने 1874 साली त्याच्या आठवणी एका कुलूपबंद वहीत गुप्तपणे लिहिल्या. ती 1888 साली वारली. वही प्रसिद्ध झाली 1938 साली. शाळकरी बूथचा हात पाहून एका भटक्या स्त्रीने वर्तविलेले अशुभ भविष्य आणि त्याने ते हसत कागदावर उतरून घेणे, हा प्रसंग बहिणीच्याच लेखणीतून उतरावा असा आहे. या पुस्तकात दोष नाही असे नव्हे. त्या रात्री लिंकन नाटकास गेले याबद्दलच ती रोष धरते; तेथे माया न्यायबुद्धीवर मात करते. तथापि भावाचे मरण ती नाकारत नाही, आणि त्याच्या कृत्याचे ओझे आपल्या घरावर कसे कोसळले हेही लपवीत नाही.

दुसरे पुस्तक मेम्फिसचे वकील फिनिस बेट्स यांचे, 1907 सालचे. त्यांच्या मते कोठारात मेला तो बूथ नव्हेच. खरा बूथ निसटला आणि 1903 साली ओक्लाहोमातील एनिड गावी त्याने विष घेतले. एनिडच्या त्या मृताचे सुकविलेले प्रेत पुढे जत्रांतून पैसे घेऊन दाखविण्यात आले. मानेवरील शस्त्रक्रियेचा व्रण आणि हातावर गोंदलेली आद्याक्षरे यांवरून 'माँटॉक' युद्धनौकेवर बूथचा देह ओळखला गेला होता, या पुराव्यापुढे ही कथा टिकत नाही. परंतु आमचा आक्षेप केवळ तिच्या असत्यावर नाही. बूथला आयुष्यभर हवा होता तो आणखी एक अंक. बेट्स यांनी तो त्याला बहाल केला. रहस्य रंगत जाते तसतसा खुनी मोठा होतो, आणि नाट्यगृहासमोरील घरात रात्रभर शेवटचे श्वास मोजणारा लिंकन पडद्याआड जातो.

बूथचा देह आधी वॉशिंग्टनच्या तुरुंगात जमिनीखाली गुपचूप पुरला गेला. 1869 साली तो कुटुंबियांच्या स्वाधीन झाला व बाल्टिमोरच्या ग्रीन माउंट दफनभूमीत आला. कबरीवर नाव नाही. ती उकरण्याची परवानगी न्यायालयाने 1995 साली नाकारली, ते योग्यच झाले. येणारेजाणारे तेथील कोऱ्या दगडावर लिंकनची मुद्रा असलेली तांब्याची नाणी ठेवतात. बेट्स यांच्या साऱ्या ग्रंथाला न साधलेला विवेक त्या मूक नाण्यांत आहे, असे आम्हांस वाटते.