झेंडूची उपमा

शास्त्रीय निबंधांत उपमा आली कीं साहित्याच्या अभ्यासकानें कान टवकारावे हें साहजिकच आहे. पुण्याच्या 'सी-मेट' संस्थेंतील डॉ. भारत काळे व त्यांचे कोरियांतील सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या मथळ्यांतच ती आहे. कॅडमियम, इंडियम व गंधक यांच्या एका संयुगाच्या कणांना त्यांनीं झेंडूचें फूल म्हटलें. (काटेकोरपणें पाहतां हें रूपक, पण तो वाद राहूं द्या.) सूक्ष्मदर्शकाखालीं या कणांच्या पाकळ्या थरावर थर दाटलेल्या दिसतात, आणि पाकळ्या जितक्या अधिक तितका प्रकाशाला व द्रवाला भिडणारा पृष्ठभागहि अधिक. साधर्म्य केवळ रूपाचें नव्हे, गुणाचेंहि आहे. पुष्कळ कवींना इतकें साधत नाहीं.

आमची तक्रार आहे ती अशा संशोधनाविषयीं लौकिक लेखांत वापरल्या जाणाऱ्या 'कृत्रिम पान', 'पाण्यापासून इंधन' या शब्दांविषयीं. पान पाणी फोडतें खरें. पण हायड्रोजन मोकळा न सोडतां तो साखरेंत गुंतवून ठेवतें. आणि पुण्याच्या झेंडूनें तर पाणी फोडलेंच नाहीं!

नागझिऱ्याच्या वनालगत चोरखमारा येथें मोठा तलाव आहे. त्यावर दिवसभर ऊन पडतें, तरी पाणी पाणीच राहतें. फार तर वाफ होते. दृश्य प्रकाश पाण्यांतून बहुतांशीं आरपार जातो, म्हणून तो शोषून घेणारा तिसरा पदार्थ लागतो; हाच प्रकाश-उत्प्रेरक. फुजिशिमा व होंडा यांनीं १९७२ सालीं टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युदग्रानें मार्ग दाखविला, परंतु त्याला रुचतात ते जंबुपार किरण, आणि ते उन्हांत शेंकडा पांचांच्या आसपासच. जपानांत १०० चौरस मीटरांच्या फलकांवर पाण्यापासून हायड्रोजन मिळविल्याचें वृत्त २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. तेथें सूर्यशक्तीपैकीं फार तर ०.७६ टक्के हातीं लागली. झेंडूला दृश्य प्रकाश चालतो. पण कॅडमियम विषारी. तें तलावांत सोडण्याची फुलें नव्हेत.

मग त्यानें फोडलें काय? हायड्रोजन सल्फाइड: तेलशुद्धीच्या कारखान्यांत निघणारा, कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायु. पाण्याच्या एका मोलाला २३७ किलोजूल मोजावे लागतात, तेथें याला सुमारें ३३ पुरतात. कारखान्यांत त्यांतील गंधक काढून घेतात, पण हायड्रोजनचें शेवटीं पाणी होऊन जातें. तो वांचविण्याची ही खटपट मोलाची आहे, आणि तिच्यावर निर्मळ पाण्याचा शिडकावा करून ती झांकणें हा संशोधकांवर अन्याय आहे. उपमानच हवें असेल तर उजेडांत हाच वायु घेऊन गंधक मागें ठेवणारे जंतु सृष्टींत आहेत. हायड्रोजन मोकळा सोडणें हें त्यांचेंहि काम नव्हे, पण निदान त्यांचा शिधा तरी तोच आहे.