आमिषाची बाजू

आयझॅक वॉल्टनचं 'द कम्प्लीट अँग्लर' हे गळाने मासे धरण्यावरचं पुस्तक. पण लिहिणारा गृहस्थ लंडनचा कापडदुकानदार, म्हणजे हिशेबाच्या वह्यांतला, आमच्याच बिरादरीतला! १६४९ साली इंग्रजांनी आपल्या राजाचं मुंडकं उडवलं आणि १६५३ साली या राजनिष्ठ माणसाने नदीकाठी शांतपणे कसं बसावं यावर पुस्तक काढलं. असली माणसं मला मनापासून आवडतात.

एक मुरलेला गळवाला शिष्याला मासे, नद्या आणि समाधान यांचे धडे देतो, एवढीच गोष्ट. भाषा अशी गोड, की वाचता वाचता रजेचा अर्ज लिहावासा वाटतो. पण ट्राउटसाठी मिनो लावायचा प्रसंग आला आणि माझी गोडी जरा आंबली.

मिनो म्हणजे बोटाएवढा मासा. आपल्याकडे ओढ्यात पोरं पंचा धरून पकडतात, तसला. त्याला धरायला लहानसं गांडूळ पुरतं. हा पोरांचा नि बायकांचा खेळ, असं वॉल्टन म्हणतो. मग गळ त्याच्या तोंडातून घालून कल्ल्यातून काढायचा, पुन्हा तोंडात घालून शेपटीशी काढायचा आणि पांढऱ्या दोऱ्याने बांधायचा, म्हणजे तो पाण्यात छान गरगरतो. सगळं कसं बटण लावायला सांगितल्यासारखं! शिवाय मिनोची पाककृतीही आहे: डोकी-शेपट्या काढा, अंड्याच्या बलकात रानफुलं घाला आणि तळा. मुद्दलही गेलं, व्याजही गेलं.

आता तुम्ही म्हणाल, या क्रौर्याबद्दल कुणी बोललंच नाही का? बोलला ना, बायरन! 'डॉन जुआन'च्या तेराव्या सर्गात, १८२३ साली, त्याने वॉल्टनच्याच घशात गळ अडकवून तो ओढायला एक छोटा ट्राउट नेमला. ट्राउटचा सूड निघाला. मिनोचं काय? पुढे १८८१ साली अमेरिकेत डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी 'बुक ऑफ द ब्लॅक बास' लिहिलं. ट्राउट जाऊन बास आला. गळाला मिनो मात्र तोच. मुखपृष्ठावर नाव बासचं!

आपल्या मत्स्यन्यायात निदान मोठा मासा भुकेपोटी लहानाला गिळतो. इथे लहानाला मोठ्याच्या तोंडी देणारा तिसराच, काठावर बसून समाधानावर प्रवचन देतोय. आणि दया आलीच तर तीही माशाचं वजन बघून. काउंटरमागे वीस वर्षं बसलेल्या माणसाला हे नवीन नाही. मोठा खातेदार बुडाला की मीटिंग भरते. लहान बुडाला की नुसतं खातं बंद होतं.

तरीही पुस्तक जरूर वाचा. त्यातली एक बाई मला विसरता येत नाही. वॉल्टनकडे एक कापडी मिनो होता. तो तिने शिवला होता, शेजारी जिवंत मिनो ठेवून, रंगाला रंग जुळवत; डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी. खोटं आमिष करायलाच, कबूल. पण मिनोलाही डोळे असतात, हे साऱ्या पुस्तकात नीट निरखून पाहिलेलं दिसतं ते तिनेच. वॉल्टनने तिच्या रूपाचं आणि हाताचं कौतुक केलं. नाव मात्र दिलं नाही.