सुदर्शन यांचे श्रेय : दोन वादांची फेरतपासणी

एन्नाकल चंडी जॉर्ज सुदर्शन (१९३१–२०१८) यांच्याविषयी भारतात जे लेखन झाले आहे, त्यातील बराचसा भाग गाऱ्हाण्याच्या सुरात आहे. दोन वेळा नोबेल पारितोषिकाजवळ पोचलेला आणि दोन्ही वेळा डावलला गेलेला पदार्थवैज्ञानिक ही त्यांची प्रतिमा इतकी रूढ झाली आहे, की त्यांनी नेमके काय केले याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वस्तुतः त्यांच्या नावाशी निगडित असलेले दोन मोठे वाद एका जातीचे नाहीत. १९५७ सालचा वाद अग्रक्रमाचा आहे. १९६३ सालचा वाद एका सूत्राच्या अर्थाचा आहे. पहिल्यात सुदर्शन यांची बाजू अतिशय भक्कम दिसते. दुसऱ्यात ती अर्धी भक्कम आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागाची जबाबदारी त्यांच्या स्वतःच्या मांडणीवर येते. हे दोन्ही वाद एकाच अन्यायकथेत गुंफल्यामुळे पहिल्यातील सत्याची धार बोथट झाली, असे म्हणणे प्राप्त आहे.

त्यांचे चरित्र येथे विस्ताराने देण्याचे प्रयोजन नाही. केरळातील कोट्टायम जिल्ह्यात जन्म, मद्रास येथे शिक्षण, १९५२ ते १९५५ या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उमेदवारी, आणि तेथून अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट मार्शक यांच्या हाताखाली डॉक्टरेटचे काम, एवढे पुरेसे आहे. पहिल्या वादाचा उगम या रॉचेस्टरच्या काळातलाच.

बीटा-क्षयाची उपपत्ती फर्मी यांनी १९३४ मध्ये विद्युत्‌चुंबकीय क्रियेच्या धर्तीवर मांडली. सापेक्षता सिद्धांताशी सुसंगत अशी तिची पाच रूपे संभवतात : अदिश, सदिश, प्रदिश, अक्षीय सदिश आणि छद्म-अदिश. त्यांपैकी निसर्गाने कोणते रूप वापरले आहे, हा प्रश्न वीस वर्षे अनिर्णित राहिला होता. १९५६ मध्ये ली आणि यांग यांनी क्षीण अन्योन्यक्रियेत समतेचा नियम पाळला जातो की नाही अशी शंका उपस्थित केली आणि १९५७ च्या प्रारंभी वू यांच्या प्रयोगाने ती खरी ठरवली. प्रश्न मिटण्याऐवजी अधिकच गुंतागुंतीचा झाला. हेलियम-६ वरील प्रयोग प्रदिश रूपाकडे बोट दाखवीत होता, तर आर्गॉन-३५ वरील प्रयोग सदिश रूपाकडे. म्यूऑनचा क्षय या दोहोंशी जुळेना. सर्व क्षीण क्रियांमागे एकच सार्वत्रिक क्रिया आहे, ही कल्पना सोडून द्यावी की काय, अशी परिस्थिती निर्माण झाली होती.

अशा वेळी सैद्धांतिक संशोधकापुढे दोन मार्ग असतात. उपलब्ध सर्व प्रयोगांना सामावून घेणारी ओढाताणीची उपपत्ती रचणे हा एक; काही प्रयोग चुकले आहेत असे सांगण्याचे धाडस करणे हा दुसरा. पंचविशीतल्या सुदर्शन यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. सर्व प्रायोगिक पुराव्याची त्यांनी छाननी केली आणि ‘सदिश उणे अक्षीय सदिश’, म्हणजे ज्याला आता सर्वत्र ‘व्ही–ए’ म्हणतात ते रूपच सार्वत्रिक असू शकते, असा निष्कर्ष काढला. या निष्कर्षाला त्यांनी व मार्शक यांनी एक तात्त्विक अधिष्ठानही दिले. क्रियेत भाग घेणाऱ्या चार क्षेत्रांपैकी प्रत्येकाची हस्तता स्वतंत्रपणे पालटून पाहिली तरी क्रियेचे रूप अबाधित राहावे, ही त्यांची अट होती; आणि ती लावली की पाच रूपांतून हे एकच शिल्लक राहते. मग उघडच चार प्रयोग आड येत होते : हेलियम-६ मधील इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनो यांचा कोनीय सहसंबंध, म्यूऑन-क्षयातील इलेक्ट्रॉनच्या ध्रुवणाचे चिन्ह, पायॉनचा इलेक्ट्रॉनमध्ये होणारा (त्या वेळी न आढळलेला) क्षय, आणि ध्रुवित न्यूट्रॉनच्या क्षयातील असममिती. हे चारही प्रयोग पुन्हा करून पाहावेत, असे या दोघांनी नावानिशी सुचवले. पायॉनचा तो दुर्मीळ क्षय १९५८ मध्ये जिनीव्हा येथील सर्न प्रयोगशाळेत सापडला. पायॉनच्या सुमारे दहा हजार क्षयांत एखादा, या व्ही–ए च्या अपेक्षेशी तो जुळला. उरलेल्या तिन्ही बाबतींतही निकाल पालटले. प्रचलित मोजमापांविरुद्ध इतक्या निश्चितपणे उभे राहून चारही ठिकाणी खरे ठरण्याची उदाहरणे या शास्त्रात फारशी नाहीत, आणि सुदर्शन यांच्या थोरवीचा खरा पुरावा कोणत्याही पारितोषिकाच्या यादीपेक्षा येथेच शोधावयास हवा.

मग हे काम त्यांच्या नावावर जगाने तत्काळ का नोंदवले नाही? एप्रिल १९५७ मध्ये रॉचेस्टर येथेच भरलेल्या सातव्या परिषदेत ते मांडता आले असते. परंतु सुदर्शन विद्यार्थी होते, आणि मार्शक स्वतः अणुकेंद्रीय बलांवर बोलणार होते. निष्कर्ष मांडायचा राहून गेला. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मार्शक आणि सुदर्शन यांनी तो मरे गेल-मान यांच्यासमोर चर्चेत ठेवला. सप्टेंबरमध्ये पादुआ–व्हेनिस येथील परिषदेत मार्शक यांनी तो वाचला. परंतु त्या परिषदेचा वृत्तांत छापून यायला १९५८ उजाडले. इकडे फाइनमन आणि गेल-मान यांचा निबंध त्याच सप्टेंबरमध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पोचला होता आणि १ जानेवारी १९५८ च्या अंकात तो प्रसिद्धही झाला. सुदर्शन–मार्शक यांचे त्याच नियतकालिकातील छोटेखानी टिपण त्यानंतर दोन महिन्यांनी आले. परिषदेच्या वृत्तांतापेक्षा नियतकालिकाचा अंक अधिक हातांत जातो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढच्या दशकभर जगातील विद्यार्थी व्ही–ए उपपत्ती शिकले ती फाइनमन आणि गेल-मान यांच्या निबंधातून.

या प्रकरणात कोणी कोणाची कल्पना चोरली असे म्हणण्यास आधार नाही. फाइनमन–गेल-मान निबंधाच्या अखेरीस मार्शक आणि सुदर्शन यांच्याशी झालेल्या चर्चेबद्दल आभार मानलेले आहेत. शिवाय त्या निबंधात सदिश प्रवाहाच्या अक्षय्यतेचा जो विचार आहे तो सुदर्शन यांच्या कामात नाही. क्षीण क्रियेला विद्युत्‌चुंबकीय क्रियेच्या शेजारी बसवणारा तो विचार होता आणि पुढील प्रगती त्याच्याच आधाराने झाली. (या विचाराचे पूर्वसूचन गेर्श्टाइन आणि झेल्डोविच यांनी १९५५ मध्येच केले होते, तेव्हा अग्रक्रमाचा काटेकोर हिशोब मांडायचाच तर तो सर्वांनाच लावावा लागेल.) तरीही व्ही–ए हे रूप ओळखणे आणि त्यासाठी प्रयोगांना आव्हान देणे, एवढ्या मर्यादित पण मूलभूत बाबतीत अग्रक्रम सुदर्शन आणि मार्शक यांचाच आहे. स्वतः फाइनमन यांनी १९६३ मध्ये, शोध त्या दोघांचा आणि त्याचा प्रसार आपला व गेल-मान यांचा, अशा अर्थाची कबुली दिली होती. मार्शक यांनीही उत्तर आयुष्यात प्रसिद्धीच्या दिरंगाईचा दोष स्वतःकडे घेतला. विद्यार्थ्याचे काम मार्गदर्शकाच्या सोयीने जगापुढे येते, या विद्यापीठीय प्रघाताची किंमत येथे विद्यार्थ्याने मोजली, असेच या घटनाक्रमाचे वाचन करावे लागते. पारितोषिकाचा विचार करता, क्षीण क्रियेसाठी १९७९ चे नोबेल ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना मिळाले ते विद्युत्‌-क्षीण एकीकरणासाठी. व्ही–ए साठी ते कोणालाच मिळाले नाही, फाइनमन आणि गेल-मान यांनाही नाही. २०१० मध्ये त्रिएस्तच्या केंद्राने दिराक पदक सुदर्शन आणि काबिब्बो यांना दिले, तेव्हा क्षीण क्रियांवरील त्यांच्या कामाचा स्पष्ट उल्लेख केला होता.

दुसऱ्या वादाचे स्वरूप याहून सूक्ष्म आहे. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांच्या १९५६ च्या प्रयोगानंतर प्रकाशाच्या तीव्रतेतील सहसंबंधांचा अभ्यास सुरू झाला. लेसर आल्यावर त्याला निकड आली. रॉचेस्टरचे मँडेल आणि वोल्फ हा अभ्यास अभिजात तरंगांच्या भाषेत करीत होते. हार्वर्डच्या रॉय ग्लाउबर यांनी फेब्रुवारी १९६३ मध्ये, हा मार्ग अपुरा असून प्रकाशाच्या संबद्धतेची उपपत्ती पुंजवादाच्या पायावरच उभारली पाहिजे, असे प्रतिपादन केले. एप्रिलमध्ये सुदर्शन यांचे उत्तर आले. प्रकाशाच्या कोणत्याही अवस्थेचा घनता-आव्यूह संबद्ध अवस्थांच्या आधारे ‘कर्ण’ स्वरूपात लिहिता येतो, आणि तसे केल्यावर सहसंबंधांची गणिते अगदी अभिजात सरासरीसारखी दिसतात, हे त्यांनी दाखवले. हे सूत्र सुंदर आहे. त्याची सर्वव्यापकता सुदर्शन यांनीच प्रथम प्रतिपादिली. ग्लाउबर यांनी नंतरच्या महिन्यांतील विस्तृत निबंधांत हेच निरूपण ‘पी’ या अक्षराने वापरले आणि जगात तेच अक्षर रूढ झाले. आज ग्रंथांतून त्याला ग्लाउबर–सुदर्शन निरूपण म्हणतात. हा जोडनावाचा तोडगा न्याय्यच आहे.

परंतु सुदर्शन यांनी आपल्या टिपणाच्या शीर्षकातच अर्ध-अभिजात आणि पुंजवादी वर्णनांची ‘समतुल्यता’ घोषित केली होती. अडचण येथे आहे. त्या सूत्रातील भारक फलन वास्तव असले तरी ते धनच असेल अशी खात्री नाही, हे त्यांनी स्वतःच नोंदवले होते. आणि ज्या फलनाला ऋण मूल्ये येऊ शकतात त्याला संभाव्यता म्हणता येत नाही. म्हणजे समतुल्यता उरते ती गणिताच्या आकृतीची. भौतिक अर्थाची नव्हे. ग्लाउबर यांचा आक्षेप नेमका यावर होता, आणि तो रास्त होता. पुढील इतिहासाने तर या सूत्राचा उपयोग शीर्षकाच्या उलट दिशेने केला : भारक फलन जेथे ऋण किंवा अतिविलक्षण होते, तेथेच प्रकाश अभिजात कल्पनेच्या कक्षेबाहेर जातो, ही कसोटी सर्वमान्य झाली. १९७७ मध्ये किंबल, दाजने आणि मँडेल यांनी फोटॉनांचे प्रति-पुंजन प्रयोगाने दाखवले, तो अशाच प्रकाशाचा नमुना. सुदर्शन यांच्या हाती भेद मोजण्याचे उत्तम साधन आले होते आणि त्यांनी त्यावर ऐक्याची चिठ्ठी चिकटवली. क्लाउडर यांच्यासह १९६८ मध्ये लिहिलेल्या पुंजप्रकाशिकीवरील ग्रंथात विवेचन पुष्कळ संयत झाले आहे. परंतु आरंभीच्या शब्दाची सावली हटली नाही.

२००५ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग ग्लाउबर यांना संबद्धतेच्या पुंज-उपपत्तीसाठी आणि उरलेला हॉल व हेन्श यांना मिळाला. सुदर्शन यांनी नोबेल समितीकडे निषेध नोंदवला. काही पदार्थवैज्ञानिकांनीही त्यांच्या बाजूने पत्रे लिहिली. कर्ण निरूपणापुरते त्यांचे म्हणणे खरे होते आणि ते मान्य व्हायला हवे होते. पण समितीने गौरवले होते ते संबद्धतेच्या संपूर्ण पुंज-उपपत्तीला, त्या एका सूत्राला नव्हे. आणि ती उपपत्ती आवश्यक आहे हे प्रथम ठामपणे सांगणारे ग्लाउबर होते, तर एप्रिल १९६३ चे सुदर्शन तिची आवश्यकता कमी लेखत होते. भारतीय वृत्तपत्रांनी या भेदाची दखल घेतली नाही. त्यांनी १९५७ ची जखम २००५ वर लावली, आणि ज्या वाचकाला दुसऱ्या दाव्यात कच्चेपणा दिसला त्याला पहिला दावाही संशयास्पद वाटू लागला.

बिलानियुक आणि देशपांडे यांच्यासह १९६२ मध्ये मांडलेली प्रकाशाहून वेगवान कणांची शक्यता हा वादाचा विषय म्हणून गाजला खरा, पण श्रेयाचा प्रश्न तेथे फारसा नाही; ‘टॅकिऑन’ हे नाव १९६७ मध्ये फाइनबर्ग यांनी दिले, आणि असे कण आजवर आढळलेले नाहीत. मिश्र यांच्यासह १९७७ मध्ये मांडलेला पुंज-झेनो परिणाम मात्र १९९० मध्ये प्रयोगशाळेत दिसला.

याहून लक्षणीय आहे ते १९७६ चे काम. परिसराशी संपर्कात असलेल्या पुंज-व्यूहाची उत्क्रांती कोणत्या समीकरणाने वर्णावी, याचे उत्तर गोरिनी, कोसाकोव्स्की आणि सुदर्शन यांनी त्या वर्षी दिले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये लिंडब्लाड यांनीही स्वतंत्रपणे दिले. बरीच वर्षे ते एकट्या लिंडब्लाड यांच्या नावाने ओळखले गेले. नंतर हळूहळू चौघांची आद्याक्षरे जोडून लिहिण्याची पद्धत पडली. पत्रे लिहिली गेली नाहीत, समितीपुढे प्रकरण गेले नाही. पुंज-संगणनावर काम करणारे तरुण संशोधक आज सुदर्शन हे नाव बहुधा प्रथम याच समीकरणापाशी वाचतात.