ऐरणीचं गाणं पाठ, सिनेमा बेपत्ता

ऐरणीचं गाणं तुम्हाला पाठ आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यावर नाच बसवलेला असतो, ऑर्केस्ट्रात ते असतंच, आणि हल्ली रीलवरही सारखं भेटतं. लता मंगेशकरांचा आवाज, 'आनंदघन' या नावाने त्यांनीच दिलेलं संगीत, जगदीश खेबुडकरांचे शब्द. पण ते ज्या सिनेमातलं आहे तो 'साधी माणसं' (१९६५) अख्खा पाहिलेला एकही जण माझ्या मित्रमंडळीत नाही. आणि आम्ही सगळे कोल्हापूरचे!

मी तो पाहिला एका ओळखीच्यांच्या घरी, अडकत चालणाऱ्या डिस्कवर. भालजी पेंढारकर म्हटलं की आपल्याला तलवारी, घोडे, जिरेटोप आठवतात. इथे त्यातलं काही नाही. ऐतिहासिक वेशात शोभणारा सूर्यकांत इथे लोहार आहे, जयश्री गडकर त्याची बायको. गाणं सुरू होतं तेव्हा दोघं काम करत असतात. भाता, निखारे, घणाचा ठेका. प्रेमगीत म्हणावं तर एकमेकांकडे बघायला त्यांना फुरसत नाही, आणि तरीही मराठीतल्या कितीतरी प्रेमगीतांपेक्षा मला ते जास्त खरं वाटतं. पुढे हे जोडपं गाव सोडून शहरात येतं. मग कळतं, गाण्यात दिसलेली ती भट्टी हीच त्यांची खरी कमाई होती. सुटं गाणं ऐकलं की ते गावाकडच्या सुखाचं वाटतं. सिनेमात ते ऐकताना पोटात कालवतं, कारण हातातून काय निसटणार आहे ते तिथेच दाखवून ठेवलेलं असतं. रीलमध्ये नेमकं हेच गळतं.

सिनेमा निर्दोष आहे असं नाही. शहर म्हणजे सगळं वाईट, हा भालजींचा हिशेब मला पटत नाही, आणि उपदेशाचे डोस जरा जास्तच आहेत. पण असं भांडायलासुद्धा सिनेमा आधी दिसायला हवा ना?

टीव्हीवर रविवारी दुपारी 'अशी ही बनवाबनवी' लागतो. तक्रार नाही, मीही संवाद आधीच म्हणत बसतो. पण मराठी सिनेमा १९८८च्या आसपासच जन्मला असावा असं वाटायला लावणारी ही यादी आहे. चुकून एखादा कृष्णधवल सिनेमा लागलाच, तर जुनी चौकोनी चौकट ओढून ताणून रुंद पडदा भरतात. सडपातळ नायिकेचे गाल फुगतात, बैलगाडी लांबते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर प्रेक्षकांचं काय बिघडतं, मला कळत नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. 'साधी माणसं' श्रेयनामावलीसकट, गाण्याच्या मध्ये जाहिरात न घुसवता. 'तांबडी माती' (१९६९), दादा कोंडके पडद्यावर पहिल्यांदा कसे दिसले ते पाहायला. 'अयोध्येचा राजा' (१९३२), कारण मराठीतला हा पहिला बोलपट प्रभात कंपनीने पुण्याला जाण्याआधी इथेच, कोल्हापुरात काढला. त्यातली दुर्गा खोट्यांची तारामती पाहावी. आणि शांतारामांचा 'कुंकू' (१९३७) तर पहिल्यांदा दाखवा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी संसार करायलाच नकार देते. शांता आपटेंचा तो ताठा बघा. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाजच काम करतात. हेडफोन लावून पाहण्यासारखा सिनेमा आहे.

बाबूराव पेंटरांचा मूक 'सावकारी पाश' (१९२५) मात्र यादीत घालता येत नाही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. तरुण शेतकरी झाले होते शांताराम. आज तो पाहायला मिळत नाही, नुसती वर्णनं वाचायची. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्याच्यासमोर आपण फोटो काढतो. त्या कॅमेऱ्यातून निघालेलं बरंचसं गेलं. जे राहिलंय त्याला निदान रात्री अकराची वेळ तरी द्या, आम्ही जागू.

आमच्या आजीने 'साधी माणसं' नवा असताना थेटरात पाहिलाय. मोबाईलवर गाणं संपलं की ती म्हणते, "आरं, फुडचं दाव की." पुढचं नसतं. मग ती स्वतःच सांगायला लागते, आणि दर वेळी गोष्ट थोडी बदलते.